‘च’ नीट ऐकू येतो का? : दहा बाय दहाची खोली आणि जुने स्पीकर

(अमरावती इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळला तेव्हा दोघा-तिघांचे फोन आले. एक स्नेही म्हणाले, “सर, समीक्षेच्या व्याख्यानमालेत जुने स्पीकर कुठून घुसले? तुम्ही दुकान तर नाही ना टाकलं?” (हशा) दुकान टाकलेलं नाही. मी मराठी शिकवतो. पण गेली काही वर्षं मला वाटत आलंय की आपण गायकावर बोलतो, कवीवर बोलतो, चालीवर बोलतो, आणि हे सगळं ज्या डब्यातून आपल्या कानापर्यंत येतं त्याबद्दल गप्प बसतो. तो डबा काहीतरी पुढे आणतो, काहीतरी मागे ढकलतो. म्हणजे आपल्या आधी त्यानं निवड केलेली असते. त्या निवडीची तपासणी करणं हे समीक्षेचंच काम आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. निवृत्त शिक्षक. आयुष्यभर रेडिओ ऐकला, मग कॅसेट ऐकल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी ऐकणं सोडलं. गाणं लावलं की म्हणायचे, “बंद कर बाप्पा, नुसतं गुमगुम होते. काय म्हून राह्यला तो, कायच समजत नाई.” आम्ही धरून चाललो की वय झालं, कान गेले. डॉक्टरांनी तपासलं. उंच पट्टीचं ऐकणं कमी झालं होतं, जसं या वयात बहुतेकांचं होतं. आम्ही म्हटलं, झालं, कारण सापडलं.

पण ते फोनवर माझ्याशी व्यवस्थित बोलायचे. समोरासमोर बोललेलं त्यांना कळायचं. फक्त घरातल्या त्या संचावर कळत नव्हतं. तो एका नावाजलेल्या कंपनीचा पाच छोटे डबे आणि एक मोठा डबा असलेला संच होता. मीच मोठ्या हौसेनं आणलेला. मोठा डबा टेबलाखाली.

त्या संचाचं काय होतं ते सांगतो, कारण असे संच आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो. ते मुठीएवढे छोटे डबे इतकं खाली उतरू शकत नाहीत. मग आवाजाचा खालचा भाग टेबलाखालच्या डब्यातून येतो आणि व्यंजनं भिंतीवरच्या छोट्या डब्यातून. एकच माणूस बोलतोय, पण त्याची छाती टेबलाखाली आणि जीभ खिडकीपाशी! (हशा) त्यात दुसरी गोष्ट म्हणजे खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. कानाचा हा स्वभावच आहे. तरुण कान तरी अंदाजानं शब्द भरून काढतो. म्हाताऱ्या कानाकडे आधीच वरचं कमी असतं, त्यावर आपण गुमगुम ओततो. आणि मग म्हणतो, बाबांना ऐकू येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मला वाटतं स्पीकर पारखायची मराठी माणसाजवळ एक फार चांगली कसोटी आहे, आणि ती इंग्रजी परीक्षणांत सापडायची नाही. ती म्हणजे आपला ‘च’ आणि ‘ज’.

‘जग’ हा शब्द घ्या. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगणं, ‘तू जग’. लिहायला एकच अक्षर. उच्चार दोन. एक टाळूचा, एक दातांचा. ‘चार’ म्हणजे आकडा आणि ‘चारा’ म्हणजे बैलाचा, त्यातला ‘च’ पण वेगळा. हा फरक कशात असतो? त्या अक्षराबरोबर जी हवेची बारीक घासणी होते, तिच्यात. टाळूच्या ‘च’ची घासणी साधारण ३,००० हर्ट्झच्या पुढे भरते, दातांच्या ‘च’ची त्याहून बरीच वर.

आणि आता गंमत बघा. शेल्फवर ठेवायच्या छोट्या स्पीकरमध्ये सहसा दोन तोंडं असतात. खालचं मोठं, त्याला वूफर म्हणतात. वरचं रुपयाएवढं, ते ट्वीटर. आवाज एका तोंडाकडून दुसऱ्याकडे सोपवायची जी शिवण असते, ती बहुतेक डब्यांमध्ये २,५०० ते ३,५०० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी असते. म्हणजे नेमकी आपल्या ‘च’च्या अंगावर! शिवण कच्ची असेल तर ‘च’ उसवतो. ट्वीटर मेलेलं असेल तर दोन्ही ‘ज’ सारखे ऐकू येतात, आणि दुनिया कुठली नि जगणं कुठलं ते संदर्भावरून ओळखावं लागतं. ट्वीटर फार भडक असेल तर प्रत्येक ‘स’ फुत्कारतो.

कोणी म्हणेल, ‘ळ’ची कसोटी का नाही? अहो, आपण वऱ्हाडी माणसं. डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया करतो. आपल्याला ‘ळ’ची परीक्षा घ्यायचा अधिकार कुठाय? (हशा)

तर माझ्याजवळ तीन ध्वनिमुद्रणं असतात. कोणताही स्पीकर बघायला गेलो की तीच लावतो.

पहिलं, गाडगेबाबांचं कीर्तन. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं, त्यांच्या अगदी अखेरच्या काळातलं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते आपल्या इथे वलगावजवळ गेले. हे ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या ओबडधोबड आहे. एकच माग, म्हणजे मोनो. बाबा प्रश्न टाकतात, समोरची गर्दी उत्तर देते. त्या कीर्तनाची सगळी रचनाच या देवाणघेवाणीवर उभी आहे. गर्दी उत्तर देताना आधी कचरते, मग मोकळी होते. वाईट डब्यावर गर्दीचा एकच लोंढा ऐकू येतो आणि बाबा नुसते ओरडताहेत असं वाटतं. चांगल्या डब्यावर कळतं की ते ओरडत नाहीत, खेळवताहेत. आवाज चढवून झाला की एकदम खाली आणतात, आणि खरा टोला त्या खालच्या वाक्यात असतो. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं की गाडगेबाबांची शैली घणाघाती. बरोबर ऐकल्यावर मला हे माझं वाक्य मागे घ्यावं लागलं. घण कमी आहे, फिरकी जास्त आहे. म्हणून म्हणतो, वाईट स्पीकरनं माझी समीक्षा चुकवली होती.

दुसरं, तुकडोजी महाराजांची खंजिरी. मोझरीला गेलेल्यांना सांगायला नको. खंजिरीत दोन आवाज असतात. चामड्यावरची थाप आणि कडेच्या चकत्यांची झणझण. थाप वूफरमधून, झणझण ट्वीटरमधून. पण वाद्य एकच आहे, हातही एकच आहे. चांगल्या स्पीकरवर दोन्ही एका जागेवरून, एका क्षणी येतात. वाईट स्पीकरवर कुणीतरी ढोलकी वाजवतोय आणि शेजारी कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा हलवतोय असं वाटतं.

तिसरं, ‘उंबरठा’मधली सुरेश भटांची गझल. चित्रपट १९८२ चा, चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. भट आपल्या अमरावतीचे, म्हणून नाही घेतली. गझलेत रदीफ दर शेराला परत येतो आणि गाणारा तोच शब्द दर वेळी वेगळा उच्चारतो. तो किती वेगळा उच्चारला, श्वास कुठे घेतला, हे ऐकू आलं पाहिजे. ते ऐकू येत नसेल तर गझल नुसती चाल होते. मग आपण म्हणतो, छान आहे, सगळे शेर सारखेच वाटतात!

आता खोलीकडे वळू. आपल्याकडची खोली म्हणजे दहा बाय दहा. वर स्लॅब, तोही दहा फुटांच्या आसपास. खाली फरशी, भोवती सिमेंटच्या भिंती. ध्वनीच्या दृष्टीनं याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. सांगतो का. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो स्वर अडकून घुमतो तो काढायचा हिशोब सोपा आहे. ध्वनीचा वेग ३४३ मीटर, त्याला खोलीच्या दुप्पट लांबीनं भागा. उत्तर येतं ५६ हर्ट्झ. आता लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे तिन्हीकडून तोच ५६ घुमणार. बारा बाय दहाची खोली असेल तर एक घुमार ४७ वर सरकतो, थोडा निभाव लागतो.

म्हणून या खोलीत ४०-५० हर्ट्झपर्यंत उतरणारा मोठा स्पीकर आणला की पैसे देऊन घुमार विकत घेतल्यासारखं होतं. आणि उलट, ७०-८० हर्ट्झच्या खाली दमणारा छोटा स्पीकर हा इथे दोष नाही, सोय आहे. “पण तंबोऱ्याचा खर्ज?” असं कुणी विचारेल. काळी एकच्या गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. खर्जाच्या तारेवर वरचे स्वर इतके भरपूर असतात की मूळ स्वर थोडा दबला तरी कान तो आपसूक भरून काढतो. शब्द मात्र कान असा भरून काढत नाही. गेलेला ‘च’ गेला.

एक इतिहास सांगतो. १९७० च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअर लोकांनी एक स्पीकर बनवला, एलएस थ्री फाइव्ह ए. कशासाठी? बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत बसून बोलणं नीट पारखता यावं म्हणून. गाडीत जागा किती असणार! डबा फूटभर उंच. खालच्या आवाजाचा हट्ट त्यांनी सोडला आणि माणसाच्या आवाजावर लक्ष दिलं. आज त्याच्या जुन्या जोड्या आपल्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांच्या मागे लागू नका. पण विचार घ्या. लहान जागेत माणसाचा आवाज आधी.

मग आपल्या आवाक्यात काय? जुन्या बाजारात सोनोडाइन दिसतात. १९७० पासूनची कोलकात्याची कंपनी. कधी कॉस्मिक, कधी फिलिप्स, कधी वॉर्फडेल डायमंड, कधी जेबीएलचे कंट्रोल वन. मी नावावर जायचं नाही म्हणतो. वीस-तीस वर्षं वऱ्हाडच्या उन्हाळ्यात काढलेला डबा हा कंपनीचा राहत नाही, तो त्या घराचा होतो. अकोल्याचा मे महिना म्हणजे ४५ अंश. नाव एकच असलं तरी एक जोडी ठणठणीत आणि दुसरी मेलेली, असं होतं.

माझी जोडी मी अकोल्याहून आणली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ मुलाकडे पुण्याला चालले होते. साडेचार हजार मागितले, मी दिले. तेव्हा अमरावती-अकोला रस्त्याचा तो विश्वविक्रम व्हायचा होता, म्हणजे रस्ता कसा होता ते तुम्हाला ठाऊक आहे. एक डबा मांडीवर, एक पायात धरून बसनं आलो. घरी लावला तर एका डब्याचं ट्वीटर बंद! गृहस्थांना फोन केला. ते प्रामाणिकपणे चकित झाले. कित्येक वर्षं त्यांनी तसंच ऐकलं होतं. दुरुस्तीवाल्या पोरानं सातशे रुपयांत ठीक करून दिलं, पण चूक माझी होती. मी तपासलं नव्हतं. म्हणून आता तपासणी सांगतो, लिहून घ्या.

एक, जाळी काढा. शंकूच्या कडेची गोल पट्टी बोटानं हलकेच दाबा. फोमची असेल आणि भुगा हाताला लागला, तर ती संपली. बदलता येते, पण किंमत तेवढी कमी करा. रबराची असेल तर सहसा टिकते.

दोन, दोन्ही हातांची बोटं शंकूवर सारखी ठेवून किंचित आत ढकला. खरखर आली तर आतली गुंडाळी घासतेय. नमस्कार करून निघा.

तीन, दीड व्होल्टचा साधा सेल न्या. लाल टोकाला अधिक, काळ्याला उणे, क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला पाहिजे, दोन्ही डब्यांचा. एकाचा आत गेला तर आतली वायर कुणीतरी उलटी जोडलीय. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला ६-७ च्या आसपास आकडा दिसतो. तो बरोबर आहे.

चार, कान ट्वीटरजवळ नेऊन प्रत्येक डबा वेगळा ऐका. मी हेच केलं नव्हतं.

पाच, मोनो ध्वनिमुद्रण दोन्हीवर लावा आणि मध्ये बसा. आवाज बरोबर मधोमध, हवेत, एका ठिकाणी दिसला पाहिजे. हो, दिसला पाहिजे! पसरट वाटला तर जोडी जमलेली नाही. गाडगेबाबा इथे उपयोगी पडतात.

सहा, डबा उलटा करा. बुड फुगलंय का बघा. आपल्याकडे कूलरच्या पाण्यानं लाकडी भुशाचे डबे तळातून फुगतात. आणि मागच्या भोकात डोकवा, पालीनं संसार थाटलेला असतो. (हशा)

अ‍ॅम्प्लिफायरचं थोडक्यात. डब्यावर ‘पीएमपीओ’चे हजार वॅट वाचून भुलू नका, तो आकडा जाहिरातीचा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटांवरून बोलणं ऐकायला अर्धा वॅटसुद्धा लागत नाही. गाण्यातल्या उसळ्या धरून खऱ्या २०-३० वॅटमध्ये भागतं.

ठेवायचं कुठे? नाव शेल्फचं असलं तरी भिंतीतल्या कपाटात आत ढकलून ठेवू नका, आवाज छातीत बोलायला लागतो. कडप्प्याची फळी असेल तर डबा अगदी कडेला आणा, मागच्या भोकात जुना पायमोजा कोंबा. कोपरे टाळा. आणि एक आपल्याकडचं. स्पीकर मांडायचे सगळे सल्ले खुर्चीत बसणाऱ्यांचे असतात. आपण सतरंजीवर बसतो, तेव्हा कान जमिनीपासून अडीच फुटांवर. ट्वीटर तिथे पाहिजे. समोरच्या कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या घड्या घालून रचा. झणझण शोषून घेतात. घुमार त्यानं जात नाही, पण ‘स’ सुसह्य होतो. कपाशीच्या मुलखात गादीला काय तोटा! आणि एप्रिलपासून कूलर सुरू झाला की ऐकणं पहाटे उरका. कूलरपुढे कोणताही स्पीकर टिकत नाही.

शेवटची तक्रार त्या व्हिडिओ परीक्षणांवर. स्पीकरसमोर मोबाइल धरून आवाज टिपतात, आणि आपण तो आपल्या मोबाइलवर ऐकून ठरवतो की स्पीकर चांगला. दुसऱ्यानं जेवल्याचा फोटो बघून मीठ बरोबर आहे म्हणण्यासारखं आहे ते. शिवाय त्यात लावतात काय? धडधड. गणपतीच्या मिरवणुकीतली भिंत ज्या कानानं ऐकली त्याच कानानं घरातला डबा पारखतो. दुरुस्तीवाला पोरगाही मला म्हणाला होता, “सर, याले बेसच नाई ना.” मी त्याला गाडगेबाबा लावून दाखवले. तो दहा मिनिटं उभा राहिला. काही बोलला नाही, पण पाना खाली ठेवला होता.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मी अकोल्याला वसतिगृहात राहते. तीन हजारही नाहीत. काय करू?)

चांगला प्रश्न. एकच डबा घे. जोडीतला एक मेलेला असतो तेव्हा उरलेला जवळजवळ भंगाराच्या भावात जातो, कुणाला नको असतो. आपण ज्यांची नावं घेतली, त्यातलं जुनं पुष्कळसं मोनोच आहे, एका डब्याचं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू कर, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकात येईल. तीन हजारांच्या वाईट जोडीपेक्षा पाचशेचा एक चांगला डबा मी कधीही घेईन.

(प्रश्न : तुमच्या वडिलांचं काय झालं?)

कान होते तसेच आहेत. ते काही परत येत नाहीत. पण छोटी जोडी लावली त्या सकाळी ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी आत कीर्तन लावलं. थोड्या वेळानं दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हे गर्दीतून कोन म्हून राह्यलं रे मंधात? बाई हाये का?” मी तोवर पन्नास वेळा ते ऐकलं होतं. गर्दीतला तो एकटा आवाज मला माहीत नव्हता. आता रोज सकाळी सहा ते सात खोली त्यांची असते. आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवतात.

वेळ झाली. खाली टेबलावर जोडी आणि सेल ठेवलाय. ज्यांना तपासणी करून बघायची असेल त्यांनी थांबावं.